धूर, अग्नि आणि दृष्टि

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडील भगिनींचें, आक्कांचें, कानशील दुखूं लागलें. वय ७४. वेणीफणी करतांना डोक्याची कातडी हुळहुळे. भाकरी चावतांना जबडा भरून येई. आम्हीं सर्वांनीं एकमतानें 'पित्त' ठरविलें. पुढें एके सकाळीं उजव्या डोळ्यापुढें क्षणभर अंधारी आली, तरीहि 'रक्ताचा अहवाल येऊं द्या, मग डॉक्टरांकडे जाऊं' असा सल्ला आम्हींच दिला. अहवाल तिसऱ्या दिवशीं आला. तोंवर तो डोळा गेला होता. ही चूक वाचकांच्या घरीं होऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

विकाराचें नांव 'जायंट सेल आर्टरायटिस'. पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या सुमारास, धमन्यांच्या भित्तींस दाह होतो. डोळ्याच्या मज्जातंतूस रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडली कीं दृष्टि जाते, ती सहसा परत येत नाहीं. उत्तर युरोपांत हा विकार अधिक, आपल्याकडे विरळा. म्हणूनच तो चटकन ध्यानांत येत नाहीं.

दाहाच्या रक्तांतील खुणा दोन. पहिली ई. एस. आर.: उभ्या नळींतील रक्ताच्या तांबड्या पेशी एका तासांत किती मिलिमीटर खालीं बसतात, तें माप. दाह असतां फायब्रिनोजेन वाढतें. पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकमेकींस चिकटून लवकर बसतात. पुरुषांत वयाची निमपट व स्त्रियांत वयांत १० मिळवून त्याची निमपट, ही स्थूल मर्यादा. आक्कांची मर्यादा ४२; आंकडा निघाला ९६. दुसरी खूण सी. आर. पी. हें यकृतांत होणारें प्रथिन. दाह सुरू झाल्यावर कांहीं तासांतच चढूं लागतें. टिलेट व फ्रान्सिस यांनीं १९३० सालीं न्यूमोनियाच्या रोग्यांत त्याचा शोध लाविला.

आतां न्यायशास्त्राचा आमचा जुना पाठ. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे. परंतु काय जळत आहे, तें धूर सांगत नाहीं. क्षय, संधिवात, जंतुसंसर्ग यांनींहि हे आंकडे चढतात. कधीं धुकेंच धुरासारखें भासतें: पांडुरोगांत दाहावांचूनहि ई. एस. आर. वाढतो. उलट, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. तद्वत् थोड्या रोग्यांत दोन्ही आंकडे ठीक असूनहि रोग असतो.

म्हणून पन्नाशीपुढील माणसास नवी डोकेदुखी, चावतांना जबड्यास थकवा किंवा डोळ्यापुढें अंधारी आल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. रक्त अवश्य द्यावें. परंतु संशय बळकट असतां तज्ज्ञ अहवालाची वाट न पाहतां स्टेरॉईड सुरू करतात. कानशिलाच्या धमनीचा तुकडा मागाहून कांहीं दिवसांतहि तपासतां येतो. हें औषध मात्र आपल्या मनानें कधींहि थांबवूं नये.

आक्कांचा डावा डोळा वाचला. आतां अहवाल आला म्हणजे आंकडा पाहण्यापूर्वीं आम्ही विचारतों, "आक्का, आज घांस नीट चावतां आला ना?"