अर्धवट सारथी

माझं भांडण यंत्राशी नाही, त्याच्या अर्धवट नोकरीशी आहे. हातानं गिअर टाकायच्या गाडीतही हल्ली ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ बसवून देतात. पुढच्या गाडीचं अंतर रडार मोजतं. वेग वाढवणं, ब्रेक लावणं तेच बघतं. क्लच आणि गिअर मात्र आपण! म्हणजे स्वयंपाक सासूबाई करणार, पण गॅस लहान-मोठा करायला सूनबाईंनी दर दोन मिनिटांनी धावत यायचं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, मोकळ्या सपाटीला, स्वारी झकास चालते. पण तिथं आमचं अडलं होतं कुठे? बोरघाटात पुढचा ट्रक धापा टाकू लागला, की हे महाशय वेग उतरवतात, गिअर मात्र वरचाच! इंजिन थरथरायला लागतं. आणि वेग ताशी तीसच्या आसपास आला, की कित्येक गाड्यांत हे ‘टिंग’ करून चक्क रजेवर. आपले पाय तेव्हा निवांत पसरलेले.

विक्रेता म्हणतो, “साहेब, गाडी स्वतः चालते.” अहो, चालते हो! पण थांबायची वेळ आली की कुणाची असते? एक तर गिअरही त्याच्याच हाती द्या, नाहीतर हे कितीच्या वेगाला रजा घेतं ते किल्ली देतानाच सांगा. माहितीपुस्तिकेच्या तळटिपेत नको.