मागून रेटा हवा

भिसेगावात रात्री अंथरुणावर पडलं की एक आवाज हमखास कानावर येतो. पुण्याकडे निघालेली लांबची गाडी कर्जत स्टेशनात थांबते, तिच्या शेपटाला बँकर इंजिनं लागतात आणि जोडतानाचा धक्का डब्याडब्यातून पुढे खडखडत जातो. समोर बोरघाट आहे, सदतीस फुटांना एक फूट चढ. पुढचं इंजिन कितीही दमदार असो, मागून रेटा मिळाल्याशिवाय ही गाडी लोणावळा गाठत नाही.

ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा 'द अस्टॉनिशिंग' हा अल्बम २९ जानेवारी २०१६ रोजी आला. त्याला दहा वर्षं झाली म्हणून या आठवड्यात तो पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकला. तेव्हा झालेली निराशा आता ओसरली असेल, असं वाटलं होतं. ती ओसरली नाही, पण तिचं कारण मात्र सापडलं, आणि ते याच रेट्याशी निगडित आहे.

आधी या संगीताविषयी थोडं. मेटलचं जड गिटार आणि तालाची अवघड गणितं यांची सांगड म्हणजे प्रोग्रेसिव्ह मेटल. सात मात्रांचं आवर्तन अंगात भिनतंय तोवर नऊ मात्रा येतात, मग पाच. या बँडच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी' या सहा मिनिटांच्या रचनेत शंभराहून अधिक वेळा मात्रा बदलतात. ऐकणारा सम हरवतो, धडपडतो आणि अचानक सगळी वाद्यं एका ठोक्यावर येऊन मिळतात. तबल्याच्या लग्गीनंतर समेवर ज्याची मान आपोआप हलते, त्याला हे सुख समजावून सांगावं लागत नाही. त्यात ऐकणाऱ्यालाही काम असतं, आणि ते त्याने केलं तरच गाणं पुरं होतं.

ऐकणाऱ्यासाठी अशी जागा सोडण्यात ड्रीम थिएटरचा हात कोण धरणार? १९९२ च्या 'पुल मी अंडर'चा शेवट आठवा. आठ मिनिटं चढत गेलेलं गाणं अचानकच तुटतं. पहिल्यांदा ऐकताना टेपच खराब झाली असावी, असं मला वाटलं होतं. १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'त गतजन्मातल्या एका खुनाची गोष्ट आहे. ती संपते तेव्हा नायकाचं नेमकं काय झालं, हे अल्बम सांगत नाही. उरते ती फक्त खरखर. त्या शेवटावर आम्ही मित्रांनी रात्री जागवल्या आहेत.

आता 'द अस्टॉनिशिंग'. दोन अंक, ३४ तुकडे, दोन तासांहून जास्त लांबी. भविष्यातलं एक साम्राज्य, तिथे माणसांनी गाणं बंद केलेलं, संगीत म्हणून उडत्या यंत्रांचा कलकलाट. अशा जगात गाण्याची देणगी लाभलेला गॅब्रिएल उभा राहतो आणि सम्राटाची मुलगी फेथ त्याच्यावर जीव टाकते. सोबत वाद्यवृंद आहे, गायकवृंद आहे. मेहनतीत कुठेही कसर नाही, आणि 'अ न्यू बिगिनिंग'च्या शेवटचं गिटार आजही अंगावर काटा आणतं.

तरीही गाडी चढत नाही. या वेळी मी सीएसएमटीला कर्जत लोकलमध्ये बसताच अल्बम लावला. ठाण्यापर्यंत कान टवकारलेले होते. कल्याणनंतर लक्षात आलं की हळुवार पियानो, मग गाणं, मग वाद्यवृंदाची लाट हाच क्रम पुन्हा पुन्हा येतोय. बदलापूर सुटलं तेव्हा पहिला अंक संपत आला होता आणि मी मोबाइलवर गोष्टीचा सारांश वाचत होतो. नेरळला माझं लक्ष खिडकीबाहेरच्या माथेरानच्या डोंगराकडे होतं. कर्जतला उतरून भिसेगावात घरी पोचलो, तरी अल्बम चालूच होता. वाटेत एकदाही माझी सम चुकली नाही. हरवायला जागाच नव्हती. गोष्टीतलं सगळं शब्दांत सांगून टाकलेलं, पात्रं आणि नकाशेही आधीच आखून दिलेले.

सगळ्या पात्रांसाठी जेम्स लाब्री हा एकच गायक आहे, हा दोष अनेकांनी दाखवला. मला तो पटत नाही. आमच्याकडच्या सप्ताहात कीर्तनकार एकटाच राजाही होतो आणि रंकही, नि कुणाची गल्लत होत नाही. पण तो अभंगाचा चरण अर्ध्यावर सोडतो आणि मागचे टाळकरी तो उचलून धरतात, मृदंग त्याला ढकलत नेतो, समोरचे लोक टाळ्या धरतात. लाब्रीने सोडलेलं उचलायला मागे कुणी नाही.

का नाही? या अल्बमची कथा आणि सगळे शब्द गिटारवादक जॉन पेट्रुचीचे, आणि संगीत त्याने कीबोर्डवादक जॉर्डन रुडेससोबत रचलं. म्हणजे पाचांच्या बँडमध्ये रचना दोघांची आणि बाकीच्यांच्या वाट्याला ती वाजवणं. ड्रमवादक माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँड सोडून गेला, तिथेच घसरण सुरू झाली असं म्हणणारे पुष्कळ आहेत. हा त्याच्या जागी आलेल्या माइक मँजिनीवर अन्याय आहे. याच पाच जणांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलो इथे एका कोठारवजा स्टुडिओत एकत्र मुक्काम करून पुढचा अल्बम रचला. २०१९ चा 'डिस्टन्स ओव्हर टाइम'. नऊ गाणी, तासाच्या आत, आणि प्रत्येकात कुणीतरी कुणालातरी ढकलतंय. माणसं तीच होती, फक्त या वेळी ती एका छताखाली होती. पोर्टनॉय २०२३ मध्ये परत आला याचा मलाही आनंद आहे, पण २०१६ च्या चुकीचं खापर त्याच्या गैरहजेरीवर फोडता येत नाही.

ऐकणाऱ्यावर विश्वास टाकणं म्हणजे काय, हे आपल्या मुंबईतल्या कोशिश या बँडने २०१३ मध्ये दाखवलं. त्यांच्या 'फिरदौस' या हिंदी अल्बममध्ये एक सलग गोष्ट आहे, पण गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटलेला. खरा क्रम ऐकणाऱ्याने शोधायचा. दहा गाण्यांच्या त्या अल्बमने मला जितके दिवस गुंतवलं, तितके दिवस ३४ तुकड्यांनी गुंतवलं नाही.

बदलापूर-डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत आज कितीतरी मुलं घरबसल्या मेटल रचतात. गिटार एका खोलीत, ड्रम दुसऱ्या शहरात, फाइल फोनवर. पैसे नाहीत, सरावाला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. मोठं स्वप्न जरूर पाहा, दोन तासांचं पाहा. पण रेकॉर्डिंगआधी एकदा सगळे एका खोलीत बसा आणि जो त्या गाण्याचा रचनाकार नाही, त्याला ते मोडायची मुभा द्या. त्याच्या हातून जे टिकेल, तेवढंच आमच्याकडे पाठवा. उरलेलं काम आम्ही ऐकणारे करू.

— भिसेगावकर