फवारा कुणाच्या हातात?

महावीर जयंतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. बेळगावात चैत्राचं ऊन तापलं की आमच्या गच्चीवरचं अडेनियम गुलाबी फुलांनी भरून जातं. सासूबाईंनी लावलेलं झाड. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा हात लागलेली, अजून वाढणारी घरातली ही एकच वस्तू. त्या सकाळी कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून मी ते एकेक पुसत बसले होते. तेवढ्यात बस्तीतल्या कार्यक्रमाची यादी घेऊन ओळखीच्या एक बाई वर आल्या. जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्का, जैनाच्या घरात हे काय? तेही या दिवसांत?"

मी गप्प बसले. उत्तर सुचलं ते त्या जिना उतरून गेल्यावर.

त्यांच्या गच्चीवर माझ्या तिप्पट कुंड्या आहेत आणि एकाही पानावर कीड नाही. का नाही? दर महिन्याला माळी येतो, पाठीवर पंप घेतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि सगळ्या झाडांवर औषध मारून जातो. बाई त्या वेळी खाली दार लावून घेतात, कारण वास सहन होत नाही. मुंगी, कोळी, फुलपाखरू, गांडूळ, वाटेत येईल ते मरतं. पण त्यांचा हात स्वच्छ!

मैत्रिणींनो, लहानपणी पाठशाळेत आपण काय पाठ केलं होतं? कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. तिन्हींचा दोष लागतो. मग माळ्याला पैसे देऊन आपण नक्की काय विकत घेतो? आपल्या वाट्याची हिंसा त्याच्या हातावर ठेवतो, आणि विषही त्याच्याच छातीत जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, ते आपण पेपरात वाचून हळहळलो होतो. आमच्या गल्लीतला माळी त्यांच्यासारखाच उघड्या हातांनी औषध कालवतो. तो पंचेंद्रिय मनुष्य आहे, हे मी सांगायला हवं का?

आता माझ्यावरचा आरोप. मुंगी आणि ढेकूण त्रींद्रिय, झाड एकेंद्रिय. एकेंद्रियासाठी त्रींद्रिय मारायचा? प्रश्न खरा आहे, आणि मी तो टाळत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पिठ्या ढेकूण मरतो. कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून विकतात, त्यानेही जीव मरतातच. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून कुठल्या तरी खणात माझं कृत्य बसवता येईल. पण शब्दाच्या आडोशाला उभं राहायला मला आवडत नाही. मी मारते, मला ते माहीत असतं आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात ते आठवतं. माळ्याकडून करवून घेतलं असतं तर आठवलं असतं का?

काही जणी म्हणतील, मग झाडंच ठेवू नका. व्रती माणसाने हे म्हटलं तर मी हात जोडीन. पण स्वयंपाकघरात दरवर्षी झुरळांचं औषध मारून घेणाऱ्या घराने म्हणू नये.

माझं म्हणणं साधं आहे. अहिंसा फवारा उचलायच्या वेळी आठवून उपयोग नाही, ती कुंडी भरतानाच सुरू व्हायला हवी. आपल्याकडे याला यत्नाचार म्हणतात. या फुलणाऱ्या मांसल झाडांचे निम्मे रोग आपण प्रेमाने पाजलेल्या पाण्यातून येतात. अडेनियम पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या मुलुखातलं, कलांचो आणि काटेरी युफोर्बिया मादागास्करचे. त्यांना बेळगावचा आषाढ कसा सोसणार? पावसात कुंडी उघड्यावर राहिली, मातीत वाळू-खडी कमी पडली, की मुळं कुजतात. बुंधा दाबून बघा. घट्ट असेल तर ठीक. मऊ लागला तर झाड लगेच उपटा, स्वच्छ सुरीने पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत कापा आणि सावलीत आठवडाभर वाळवून कोरड्या मातीत लावा. कापावर हळद लावा, नाही तर नका लावू. खरं औषध कोरडेपणा हेच. मात्र अडेनियमचा चीक विषारी आणि युफोर्बियाचा डोळ्यांना फार वाईट. हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

दुसरं, ओळखल्याशिवाय मारू नका. थंडीत अडेनियमची पानं पिवळी होऊन गळतात, तो रोग नव्हे, झाडाची झोप आहे. त्यावर औषध मारणं म्हणजे झोपलेल्याला सलाईन लावणं. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात पानांची मागची बाजू पाण्याने धूत राहिलं की तो आवरतो. कलांचोच्या पानांवर पिठासारखा थर आला तर ती भुरी. कुंड्या लांब लांब ठेवा, वारा खेळू द्या, धरलेली पानं काढून टाका. पिठ्या ढेकणाच्या मागे बहुधा मुंग्या असतात, कारण त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवून मुंग्यांची वाट अडवली तर त्याचं राखण सुटतं. जास्त खत घालून कोवळी, रसरशीत पालवी काढू नका, त्याला आमंत्रणच ते.

आणि एक गंमत ऐका. पिठ्या ढेकूण खाणारा एक छोटा भुंगेरा असतो. त्याची अळीही अशीच पांढरी, लोकरीसारखी, फक्त मोठी आणि चपळ. आपण तिलाच कीड समजून मारतो! रक्षकाला चोर समजून फटके द्यायचे, असली आपली दया. तसंच अडेनियमची पानं फस्त करणारी जाड हिरवी अळी, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली. तिचा मोठा सुंदर पतंग होतो. मी तिला पानासकट उचलते आणि कोपऱ्यावरच्या कण्हेरीवर ठेवून येते. कण्हेरही तिचंच अन्न. एवढं चालायला किती वेळ लागतो?

एवढं सगळं करूनही कधी कधी बोळा उचलावा लागतो. त्या दिवशी उचलला होता. आधीच्या महिन्यात मी मुलीकडे गेले होते, झाडाकडे कुणी बघितलं नाही आणि कीड वाढली. चूक माझीच होती, किंमत त्या जिवांनी दिली. हे मला बोचतं, आणि ते बोचत राहावं असं वाटतं. बोचणं संपलं की माळ्याचा नंबर फिरवणं फार सोपं होतं.

त्या बाईंचा मला राग नाही. पुढच्या वेळी यादी घेऊन येतील तेव्हा त्यांच्या हातात मी भिंग देणार आहे. माझी झाडं बघून झाली की मग दोघी मिळून त्यांच्या गच्चीवर जाऊ.