नट्टूकाकांची पगारवाढ

हसता हसता आपण काय पाहतो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी 'सब' वाहिनीवर सुरू झाली आणि पुढे तिने चार हजार भागांचा टप्पा ओलांडला. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहाव्यात अशा ज्या थोड्या मालिका आपल्याकडे झाल्या, त्यांत तिचे नाव घ्यावेच लागेल. 'फक्त मराठी' वाहिनीने तर ती 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने मराठीतही आणली. त्यामुळे जेठालाल गडा, त्यांचे 'गडा इलेक्ट्रॉनिक्स' हे दुकान आणि त्या दुकानातले वयोवृद्ध नोकर नटवरलाल प्रभाशंकर उंधईवाला ऊर्फ नट्टूकाका यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

या नट्टूकाकांचा एक ठरलेला विनोद होता. शेठजींची स्वारी खुशीत दिसली, की ते हळूच जवळ सरकत आणि विचारत, 'पगार कधी वाढवणार?' की जेठालालचा चेहरा पडे, तो काहीतरी बोलून वेळ मारून नेई आणि आपण हसत असू. पुतण्या बाघा हाही त्याच दुकानात. तोही कधीमधी काकांच्या सुरात सूर मिसळी. वर्षे गेली, दुकानातल्या मालाची नवी नवी मॉडेले आली, जेठालालचा मुलगा डोळ्यांदेखत मोठा झाला. काकांची मागणी मात्र जिथल्या तिथे राहिली.

हे काम करणारे घनश्याम नायक हे गुजराती रंगभूमीवरचे मुरलेले नट. भवाई या लोकनाट्याची परंपरा त्यांच्या घराण्यातच होती. लहानपणापासून तोंडाला रंग लावलेला हा माणूस. पूर्वी तीन रुपयांसाठी चोवीस तास काम केल्याचे दिवस त्यांनी मुलाखतींतून सांगितले होते. नाटक आणि चित्रपटांत हयात घालवूनही जे स्थैर्य लाभले नव्हते, ते त्यांना या मालिकेने दिले. ज्याचा पगार कधी वाढला नाही, त्या पात्रामुळे नटाचा संसार मात्र सावरला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२०२० साली टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू करताना राज्य सरकारने पासष्ट वर्षांवरील कलावंतांना सेटवर येण्यास मनाई केली. तेव्हा, आम्हांला काम करू द्या, असे जे ज्येष्ठ कलावंत बोलून दाखवत होते, त्यांत घनश्याम नायकही होते. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पुढे कर्करोगाने त्यांना गाठले आणि ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले. तेरा वर्षे आपण त्यांना आपल्या बैठकीत म्हातारे होताना पाहिले. हिंदी-मराठी मालिकांत एखादा पगारी नोकर इतका दीर्घकाळ आपल्या नजरेसमोर राहिल्याची उदाहरणे फारशी सापडणार नाहीत.

हा विषय मला वर्ध्यात बसून लिहावासा वाटला, त्याला कारण आहे. आपल्या देशातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका म्हणजे 'हम लोग'. ती जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात दूरदर्शनवर झाली. तिची मूळ कल्पना वसंतराव साठे यांची. ते १९८० ते १९९१ वर्ध्याचे खासदार होते. माहिती व नभोवाणी मंत्री असताना ते मेक्सिकोला गेले, तेथे सामाजिक बोध करणाऱ्या लोकप्रिय मालिका त्यांनी पाहिल्या आणि असे काही आपल्याकडे व्हावे, हे त्यांच्या मनाने घेतले. मनोहर श्याम जोशी यांनी ती मालिका लिहिली. दारुडा बसेसर राम, सोशिक भागवंती, बेकार लल्लू, बडकी, मझली, छुटकी आणि नन्हे. एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, महिन्याची दोन टोके जुळवता जुळवता मेटाकुटीला येणाऱ्या या माणसांसाठी प्रेक्षकांनी लाखो पत्रे लिहिली.

पाठोपाठ १९८६ मध्ये 'नुक्कड' आली. तिच्यात वीजतंत्री गुरू होता, सायकल दुरुस्त करणारा हरी होता, हॉटेलवाले कादरभाई होते, दारूच्या नादी लागलेला खोपडी होता आणि अजय वढावकर यांनी उभा केलेला गणपत हवालदार होता. या लोकांना कोणाच्या दिवाणखान्यात चहाचा ट्रे घेऊन जायचे नव्हते. रस्त्याचा कोपरा त्यांचाच होता आणि गोष्टही त्यांचीच होती.

मग खासगी वाहिन्यांचे दिवस आले. २००० साली 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि मालिकेतले घर एकाएकी वाड्याएवढे झाले. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. पात्रांचे दागिने वाढले, जिने वाढले, कट-कारस्थाने वाढली. स्वयंपाकघरात काम करणारी बाई त्या घरात अर्थातच होती, कारण एवढे मोठे घर तिच्यावाचून चालणार कसे? पण दार उघडणे, 'ताईसाहेब, फोन आलाय' म्हणणे आणि मालकिणीच्या दुःखात पदराने डोळे पुसणे, एवढेच तिच्या वाट्याला आले. ती कुठे राहते, तिचे मूल कोणत्या शाळेत जाते, तिला महिन्याकाठी काय मिळते, हे आपल्याला सहसा कळत नाही. २०१९ मध्ये 'स्टार प्रवाह'ने 'मोलकरीण बाई' नावाची मालिका आणली, पण ती फार काळ टिकली नाही. आमच्या रंगभूमीने जयंत पवारांच्या 'अधांतर'सारखे गिरणी कामगारांच्या घरातले नाटक दिले. तो कामगार छोट्या पडद्यावर मात्र वर्षानुवर्षे मुक्कामाला आला नाही.

हे असेच असावे लागते का? वर्धा जिल्ह्याचा एका दूरच्या गावाशी जुना संबंध आहे. आमच्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात थेट मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचलेला होता. त्याच मँचेस्टरमध्ये ९ डिसेंबर १९६० रोजी 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका सुरू झाली. गिरण्यांच्या भागातली एक साधी गल्ली, एकमेकांना चिकटून असलेली विटांची घरे आणि कोपऱ्यावर एक दारूगुत्ता. या गल्लीत १९६४ साली हिल्डा ऑग्डेन नावाची बाई राहायला आली. ती त्या गुत्त्यात झाडलोट करी, फरशी पुसे. डोक्यावर रुमाल, त्यातून डोकावणारे केस कुरळे करायचे रूळ, तोंडाची टकळी चालू. नवरा स्टॅन खिडक्यांच्या काचा पुसण्याचा धंदा करणारा आणि कामचुकार. आपल्याकडे अशी बाई चार भागांपुरती आली असती. हिल्डा तेवीस वर्षे राहिली. १९८७ च्या नाताळच्या दिवशी तिने गल्लीचा निरोप घेतला, तेव्हा अडीच कोटींहून अधिक लोक तो भाग पाहत होते.

जीन अलेक्झांडर या अभिनेत्रीने ही भूमिका केली. तिचे गुण तर होतेच, पण हिल्डाला स्वतःचे घर होते हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या घराच्या भिंतीवर शोभेची तीन उडती बदके होती आणि तिला त्यांचा अभिमान होता. काम संपवून ती घरी जाई आणि कॅमेरा तिच्या मागोमाग तिच्या स्वयंपाकघरात जाई. स्टॅनचे काम करणारे बर्नार्ड युएन्स १९८४ मध्ये वारले, तेव्हा लेखकांनी स्टॅनलाही मरू दिले. दवाखान्यातून आलेले नवऱ्याच्या वस्तूंचे पुडके हिल्डा एकटीने सोडते, त्यातून त्याच्या चष्म्याची डबी निघते आणि इतका वेळ आवरून धरलेले रडू तिला फुटते. फरशी पुसणाऱ्या बाईच्या दुःखासाठी त्या देशाने एवढी जागा करून दिली.

आता नट्टूकाकांकडे पुन्हा पाहू. घनश्याम नायक गेले, त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली, दुकानातली खुर्ची काही काळ रिकामी राहिली आणि २०२२ मध्ये किरण भट्ट हे ज्येष्ठ नट नवे नट्टूकाका म्हणून आले. यात निर्मात्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. मालिका चालू ठेवायची तर माणूस लागतो, आणि नव्या नटालाही पोट आहेच. पण याचा अर्थ असा झाला, की नट्टूकाका निवृत्त झाले नाहीत आणि वारलेही नाहीत. त्यांच्या तेरा वर्षांच्या चाकरीचा हिशेब कोणाला करावाच लागला नाही. माणूस बदलला, गल्ल्याजवळची जागा भरली गेली. आपल्या बाजारपेठेत हे रोज घडते.

बँकेच्या नोकरीत असताना या नट्टूकाकांच्या सख्ख्या भावंडांशी माझी गाठ पडत असे. कापडाच्या दुकानात थान उलगडणारे, भांड्यांच्या दुकानात चार मजले चढून माल काढणारे, किराण्याच्या दुकानात वजन करणारे. पंचवीस-तीस वर्षे एकाच दुकानात काढलेली माणसे मुलीच्या लग्नासाठी नाहीतर घरावरच्या टिनांसाठी कर्जाचा अर्ज घेऊन येत. पगाराचा दाखला मागितला, की गप्प होत. पगार रोख, वर उचल घेतलेली, ती शेठजींच्या वहीत मांडलेली. वाढीचे विचारले की उत्तर एकच : "शेठजी लय चांगले हायेत, साहेब. घरच्यावानी वागवते. दिवाळीले पाहू म्हणते."

'घरच्यावानी' हाच सगळ्या गोष्टीतला अवघड शब्द आहे. आपण दुकानातल्या म्हाताऱ्याला काका म्हणतो, वर्ध्याकडे मामा म्हणतो, भांडी घासणारीला मावशी म्हणतो. ही आपली चांगली रीत आहे, ती सोडावी असे मी म्हणणार नाही. पण काका आपला झाला, की त्याच्याशी व्यवहार बोलायची लाज वाटू लागते आणि ही लाज नेमकी देणाऱ्याच्या सोयीची असते. घरच्या माणसाने पैसे मागितले तर तो हावरट ठरतो, मागितले नाहीत तर गुणी. जेठालाल दुष्ट मुळीच नाही. तो काकांवर माया करतो, अडीअडचणीला धावून जातो. म्हणूनच तर आपल्याला निर्धास्तपणे हसता येते. दुष्ट मालक पगार वाढवत नसता, तर त्याचे नाटक झाले असते.

कायद्यालाही ही चिमुकली दुकाने फारशी दिसत नव्हती. मालिका सुरू झाली तेव्हा भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा साधारणतः वीस माणसांच्या आस्थापनेपासून लागू होई आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा माणसांपासून. काका, बाघा आणि आणखी एखादा हरकाम्या. 'गडा इलेक्ट्रॉनिक्स' या दोन्ही हिशेबांत बसत नव्हते. म्हातारपणी काकांच्या हाती काय पडणार, हे शेठजींच्या मर्जीवर होते. त्याच २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकाम हेही काम आहे, एवढे त्याने मान्य केले. पण त्या मंडळात आपल्या मावशीचे नाव नोंदवले आहे की नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

कोणी म्हणेल, विनोदी मालिकेकडून एवढी अपेक्षा कशाला? खरे आहे. शिवाय नट्टूकाकांच्या विनोदात एक चांगली गोष्टही होती. तो माणूस मागत असे. नकार मिळाला तरी पुढच्या वेळी पुन्हा मागत असे, शेठजींच्या तोंडावर मागत असे. बाजारातल्या कितीतरी काकांना तेवढेही धैर्य होत नाही. घनश्याम नायकांनी ती मागणी लाचारीने केली नाही, हे त्यांच्या अभिनयाचे मोठेपण. माझे म्हणणे एवढेच, की इतक्या वर्षांत एकदा तरी दुकान बंद झाल्यावर त्यांच्याबरोबर त्यांच्या खोलीवर जाऊन तो वाढलेला नसलेला पगार कसा पुरवतात, हे आपल्याला निवांत पाहायला मिळायला हवे होते. हसण्यात त्याने उणे पडले नसते. 'हम लोग' पाहताना लोक हसतही होते.

आपल्या जिल्ह्याला तर हा विषय परका नसावा. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले. त्याच सेगावचे पुढे सेवाग्राम झाले. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाला जागा होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. हाताने काम करणाराच समाजाच्या मध्यभागी असावा, असे सांगणारे गाव हे. आणि त्याच गावात आम्ही रोज रात्री अशी घरे पाहतो, जिथे काम करणारे हात चहाच्या ट्रेपुरतेच चौकटीत येतात.

मालिका लिहिणाऱ्यांना काय सांगावे, तो त्यांचा प्रांत. पण पाहणाऱ्यांच्या हाती एक साधी गोष्ट आहे. आपल्या दुकानात, घरात, सोसायटीच्या फाटकावर जे काका, मामा, मावशी आहेत, त्यांचा पगार शेवटचा कधी वाढला ते आठवून पाहावे. आठवत नसेल तर वहीत शोधावे. वाढीचा महिना एकदाच ठरवून कागदावर लिहावा आणि तो कागद त्यांच्या हाती द्यावा, म्हणजे दरवर्षी आपली खुशी बघून विषय काढण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही. आज रविवार आहे. मावशी भांडी घासायला आल्या असतील.