तुम्ही कोणत्या पक्षाच्या हो?

निवडणुका जवळ आल्या की बचत गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी मला हमखास विचारतं, "ताई, तुम्ही नेमक्या कोणाच्या? कमळवाल्या की पंजावाल्या?" मी म्हणते, "कोणाचीच नाही." यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. आपल्याकडे बाई कुणाची तरी असावीच लागते. माहेरची, सासरची, नाहीतर मग पक्षाची!

पण मैत्रिणींनो, मी खरंच कोणत्याच पक्षाची नाही. आजवर वेगवेगळ्या चिन्हांसमोरचं बटण दाबलंय. वॉर्डात उमेदवार बघितला, विधानसभेला काम बघितलं. २०१३ पासून तर 'वरीलपैकी कोणीही नाही' असंही सांगायची सोय झाली आहे. मात्र एक कसोटी मी सगळ्यांना सारखीच लावते. या माणसाला, या पक्षाला स्वतःविरुद्ध बोललेलं सहन होतं का? रस्ते, पाणी, योजना याबद्दल आश्वासन सगळेच देतात. पण उद्या नळाला पाणी आलं नाही, तर ते सांगायला आपलं तोंड तरी मोकळं हवं ना!

ही कसोटी मला सुचली ती आपल्या विदर्भातल्याच एका घटनेमुळे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना रीतसर बोलावलं होतं. वय वर्षं ९१. त्यांनी भाषणही लिहून पाठवलं. आणि संमेलन चार-पाच दिवसांवर आलेलं असताना त्यांना कळवण्यात आलं की आपण येऊ नका! कारण काय, तर इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला मराठी संमेलनात कशाला बोलावता, म्हणून संमेलन उधळण्याचे इशारे आले होते.

घरी लग्नाची पत्रिका देऊन नंतर "येऊ नका" असं सांगायला आपल्यापैकी कुणाची जीभ वळेल का? तेही नव्वदी ओलांडलेल्या बाईला? शिवाय या बाई मराठीला परक्याही नव्हत्या. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी घराण्यातले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, कल्हणाची 'राजतरंगिणी' इंग्रजीत नेणारे. आई विजयालक्ष्मी पंडित, म्हणजे नेहरूंची बहीण.

आता कुणी म्हणेल, नेहरूंची भाची, म्हणजे काँग्रेसवालीच की! इथेच आपली गफलत होते. याच नयनताराबाईंनी १९७५ च्या आणीबाणीला उघड विरोध केला होता, आणि तेव्हा पंतप्रधान होत्या त्यांच्या सख्ख्या मामेबहीण इंदिरा गांधी. पुढे २०१५ मध्ये देशात वाढलेल्या असहिष्णुतेचा निषेध म्हणून त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला. तेव्हा सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, पण मामेबहिणीला एक माप आणि परक्याला दुसरं, असं त्यांनी केलं नाही. आपण मात्र "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" या न्यायाने चालतो.

त्या संमेलनातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. उद्घाटन झालं ते वैशाली येडे यांच्या हस्ते. यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली शेतकऱ्याची विधवा. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर लेकरं घेऊन उभी राहिलेली बाई साहित्याच्या मंचावरून बोलली, हे फार मोलाचं झालं. त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्याही राहिल्या. निवडून आल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या! मला इतकंच वाटतं, एकीच्या हाती माईक देण्यासाठी दुसरीचा काढून घ्यायची गरज नव्हती. मांडव मोठा होता, दोघी मावल्या असत्या.

बरं, तोंड बंद करून काय साधलं? सहगल यांचं भाषण मराठीत येऊन वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. मांडवात जेवढ्यांनी ऐकलं असतं, त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचलं. अनेक साहित्यिकांनी यवतमाळला जायचं नाकारलं. नागपूरचे श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी साहित्य महामंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आणि संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याच मंचावरून, आमंत्रण देऊन ते मागे घेणं अनुचित असल्याचं सांगितलं. मंचावर बसून मंच देणाऱ्यांना चूक दाखवायला धाडस लागतं.

असं धाडस मराठी बाईने आधीही दाखवलं होतं. १९७५ मध्ये आणीबाणी असताना कराडला संमेलन झालं. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, आणि स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाशजी तेव्हा आजारी होते. दुर्गाबाईंनी सत्तेतल्या माणसांसमोरच त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटकही झाली.

आता जरा आपल्या राज्याचा हिशोब मांडू. किराण्याची वही बघतो तसा, कुणाच्या नावावर किती ते सरळ बघायचं.

२०१२. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली पकडलं. गुन्हा काय? चित्रं काढली! नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. बंद कशाला पाळायचा, असा प्रश्न पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. बोंबाबोंब झाल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले, तो भाग वेगळा.

२०१९. राज्यात भाजप-शिवसेनेचं सरकार. यवतमाळचं वर सांगितलंच. इशारा देणारे कार्यकर्ते सरकारातल्या पक्षाचे नव्हते, हेही खरं. पण निमंत्रित पाहुणीला "तुम्ही या, संरक्षण आम्ही देतो" असं सरकारने ठामपणे म्हटल्याचं काही दिसलं नाही.

२०२२. महाविकास आघाडीचं सरकार. शरद पवारांबद्दलची पोस्ट टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे महिनाभराहून अधिक काळ कोठडीत. पोस्ट वाईटच होती, मला मुळीच आवडली नाही. पण न आवडणं वेगळं आणि महिनाभर डांबणं वेगळं.

२०२५. महायुतीचं सरकार. कुणाल कामरा या विनोदी कलाकाराने एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केलं, तर शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या त्या स्टुडिओची तोडफोड केली.

बघा, एक तरी पक्ष सुटला का? विरोधात असताना सगळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पुजारी. खुर्चीवर बसले की कान हलके होतात. चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात ना! सून असताना जे सोसलं, तेच सासू झाल्यावर करायचं.

पालघरच्या मुलींवर लावलेल्या ६६-अ कलमाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं, तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. त्याची मुळं ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस कायद्यातल्या दुरुस्तीत सापडतात. टेलिफोनवरून अश्लील, धमकीचं बोलणाऱ्यांना चाप बसावा, हा तिथला उद्देश. तेच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आले आणि 'लाइक' करणाऱ्या पोरीच्या दारात पोलीस घेऊन आले! कलम असं मोघम होतं की "मला राग आला" एवढंही पुरावं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. तोवर सरकार बदललं होतं. नव्या भाजप सरकारने कलम रद्द करून टाकायचं की नाही? तर त्यांनीही कोर्टात त्याची बाजू लढवली. शेवटी २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते रद्द केलं. एकाने आणलं, दुसऱ्याने सांभाळलं, आणि एका मुलीने घालवलं.

ब्रिटनमध्ये तरी सगळं आलबेल असेल असं वाटतं ना? लोकमान्य टिळकांना ज्या राजद्रोहासाठी १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला धाडलं, तो गुन्हा त्यांनी स्वतःच्या देशात २००९ मध्ये रद्द केला. पण ६६-अ चं भावंड म्हणता येईल असं कलम तिथे मजूर पक्षाच्या सरकारने २००३ च्या कायद्यात घातलं. नंतर हुजूर पक्ष आला, १४ वर्षं राहिला. त्यांनी २०२३ मध्ये निदर्शनांवर आणखी कडक कायदा आणला. काही दिवसांतच राजाचा राज्याभिषेक होता. राजेशाही नको म्हणून फलक घेऊन उभं राहायला निघालेल्यांना त्या दिवशी पोलिसांनी उचललं. म्हणजे तिथल्या अपक्ष मतदाराचीही डोकेदुखी आपल्यासारखीच!

तुम्ही म्हणाल, "मग काय वाट्टेल ते बोलू द्यायचं?" नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचा हक्क दिला, तशा मर्यादाही त्यातच सांगितल्या. मार्च २०२५ मध्ये आपल्या नागपुरात महाल भागात काय झालं ते आठवा. एक अफवा पसरली आणि संध्याकाळपर्यंत दगड, जाळपोळ, मग संचारबंदी. एक जीव गेला. घरात दूध नाही, पोरांची शाळा बंद. अफवा पसरवणं, मारा-कापा म्हणणं, बाईला मोबाईलवर घाण पाठवणं, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. त्यासाठी कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण नेत्याची टिंगल, सरकारवर टीका, "बंद का पाळायचा" हा प्रश्न, हे त्यात मोडत नाही. तांदळातले खडे वेचताना आपण तांदूळ फेकून देतो का?

आणि हा विषय फक्त लेखक-कलाकारांचा नाही हं. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. पण अशा किती सभांत बाया खरंच बोलतात? मी काम करते त्या एका गावात एकीने रेशनच्या धान्याबद्दल विचारलं, तर संध्याकाळी तिच्या नवऱ्याला चौकात सुनावलं, "बायकोला आवर." पुढच्या सभेला ती आली, पण मागे बसली, गप्प. ना तिच्यावर खटला झाला, ना मोडतोड. तरी तिचा आवाज गेलाच.

म्हणून म्हणते, पक्षात जायचं तर खुशाल जा. बायांनी राजकारणात यायलाच हवं. पण तोंड पक्षाकडे गहाण ठेवू नका. आपल्या आवडत्या पक्षाने कुणाचं तोंड दाबलं, तर "तेव्हा त्यांनी नव्हतं का केलं?" असं म्हणून पांघरूण घालू नका. आणि मत कुणाला दिलं हे गुप्त असतं, नवऱ्यापासूनसुद्धा! तो हक्क आपला आहे.

पुढच्या वेळी उमेदवार दारात हात जोडून आले की पाणी, नाली, दिवाबत्ती जरूर विचारा. सोबत आणखी एक विचारा, "भाऊ, तुमच्यावर टीका करणाऱ्याचा कार्यक्रम तुमच्याच पोरांनी उधळला, तर तुम्ही काय कराल?" उत्तर देताना ते तुमच्याकडे बघतात की सोबतच्या कार्यकर्त्यांकडे, तेवढं नीट पाहून ठेवा. मत द्यायला ते पुरेसं आहे.