गोवा, पण बोटीनं!

वीकेंडला गोवा म्हटलं की आपल्याला व्होल्वो सुचते, नाहीतर फ्लाइट. बोट? छे! मी तर यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची, समुद्र भेटला तो भूगोलाच्या पुस्तकात. त्यामुळे २० ऑक्टोबर २०१८ला मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, तेव्हा जाम एक्साइट झाले होते. संध्याकाळी मुंबई, सकाळी गोवा. वर स्विमिंग पूल!

नाव कान्होजी आंग्र्यांचं, बोट मात्र जपानी. १९९७ची ‘ओगासावारा मारू’. टोकियोपासून हजार किलोमीटरवरच्या बेटांना माणसं आणि सामान पोचवायची. तिथं विमानतळच नाही, म्हणजे हीच त्यांची एसटी. २०१६मध्ये नवी बोट आली आणि ही रिटायर झाली.

आपल्याकडे मात्र ती पार्टी झाली. २०२०मध्ये कोविडनं तिच्या फेऱ्या थांबवल्या, त्या थांबल्याच. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून चाकरमानी बोटीनंच रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला गाठायचे. तेव्हा बोट ही चैन नव्हती, गरज होती.

तर बॉस, पुढच्या बोटीत पूल नसला तरी चालेल. परवडणारं तिकीट आणि रोजचं टाइमटेबल तेवढं हवं. चैन पहिल्या संकटात बंद पडते, गरजेला मात्र लोक पुन्हा सुरू करायला लावतात.