उलटणे टळले नाही, तरी चिरडणे टळू शकते

पाऊस लागला की मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या गावात चिखलणीची घाई सुरू होते. पूर्वी हे काम जोताचे होते. आता ते पॉवर टिलर आणि लहान ट्रॅक्टर करतात. कोकणातले शेत देशावरच्यासारखे सपाट नाही. उतारावर पायऱ्यांसारखे एकाखाली एक कोपरे असतात आणि त्यांच्यामध्ये मेरा. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर ट्रॅक्टरला मेर ओलांडावी लागते. एक चाक मेरेवर, दुसरे चिखलात, हे दृश्य रोजचेच आहे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. ते वाटायला हवे.

साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लहान ट्रॅक्टरच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर १२० सेंटीमीटर धरू. एक चाक ३० सेंटीमीटर उंच मेरेवर चढले, की ट्रॅक्टर सुमारे १४ अंश कलतो. त्याच वेळी पलीकडचे चाक २० सेंटीमीटर रुतले, तर हा कल २५ अंशांच्या जवळ जातो. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर असेल, तर तो नुसता उभा असतानाही ३९ अंशांच्या आसपास कलंडेल. म्हणजे हाताशी उरले जेमतेम १४ अंश. तेवढे खायला एक वळण, एक खड्डा किंवा मडगार्डवर बसलेला एक माणूस पुरतो.

मागे उलटण्याचा प्रकार याहून वाईट. चाके चिखलात रुतली की ट्रॅक्टर बाहेर काढण्यासाठी कुणी चाकाला लाकडाचा ओंडका बांधतो आणि क्लच सोडतो. मागची चाके फिरू शकत नाहीत, पण इंजिनाचा जोर कुठेतरी जायलाच हवा. मग तो ट्रॅक्टरचे पुढचे तोंडच वर उचलतो. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात परतीची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो. काय चालले आहे हे कळून पाय क्लचवर जायलाच पाऊण सेकंद लागतो. त्यामुळे ‘उडी मारली असती तर वाचला असता’ हे बोलणे फोल आहे. उडी मारणारा बहुतेक वेळा ट्रॅक्टर ज्या बाजूला पडतो, त्याच बाजूला पडतो.

पुढे शरीराचे काय होते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. छातीवर वजन आले की बरगड्या हलू शकत नाहीत, श्वास घेता येत नाही आणि माणूस मोकळ्या हवेत गुदमरतो. कमरेचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता पोटात मोठा रक्तस्राव होतो. पाय बराच वेळ दबून राहिला असेल, तर सुटका झाल्यावर चेचलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. त्याने हृदयाची लय बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा जखमींना मिनिटांचा हिशेब असतो. धामापूरहून ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण गंभीर जखमींना अनेकदा गोव्यातील बांबोळीला न्यावे लागते, आणि ते अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी छातीवरच्या ट्रॅक्टरला तेवढी वाट पाहायला लावता येत नाही. इथे उपचारापेक्षा प्रतिबंध हाच खरा उपाय आहे.

प्रतिबंध म्हणजे ‘जपून चालवा’ एवढेच असे आपण धरून चाललो आहोत. ते अपुरे का आहे, हे अमेरिकेतील एका प्रकरणातून दिसते. तिथे शेतात, रानात आणि मौजेसाठी ‘साइड बाय साइड’ नावाच्या गाड्या वापरतात. चार जाड टायर, मोटारीसारखे स्टिअरिंग, दोघांना शेजारी-शेजारी बसायला जागा आणि डोक्यावर नळ्यांचा सांगाडा. यामाहाची ‘राइनो’ ही त्यातली एक गाजलेली गाडी. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पन्नासहून अधिक अपघात तपासले. त्यांत ४६ जणांचा मृत्यू झाला होता. दोन तृतीयांशांहून अधिक घटना उलटण्याच्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच सपाट जमिनीवर, कमी वेगात, वळण घेताना घडल्या होत्या. मार्च २००९ मध्ये या गाड्यांची विक्री थांबवून विनामूल्य दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर झाला. मागच्या चाकांमधले अंतर वाढवले गेले, मागचा अँटी-स्वे बार काढला गेला, अर्धे दरवाजे आणि धरायला दांडे बसवले गेले. गाडी सदोष आहे, हे कंपनीने मान्य केले नाही. बेफाम चालवणे आणि पट्टा न लावणे याकडे तिने बोट दाखवले. मरण पावलेल्यांत पट्टा न लावलेले अनेक होते, हेही खरेच. पण चालक सगळीकडे सारखेच असतात. बदलता येते ती गाडी.

सपाट जमिनीवर गाडी कशी उलटते? वळताना शरीर बाहेर फेकल्यासारखे होते, तोच जोर गाडीलाही ढकलतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २१ किलोमीटर वेगाला हा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे सात दशांश होतो. अरुंद आणि उंच गाडीला तेवढा पुरतो. आणि गाडी कलू लागली की माणूस सहजप्रेरणेने हात किंवा पाय बाहेर काढून तिला सावरू पाहतो. नेमका तोच हात, तोच पाय खाली सापडतो. अर्धे दरवाजे आणि दांडे बसवले गेले ते यासाठी.

ट्रॅक्टरवरचा उपाय तर याहून जुना आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि पुढच्या तीन दशकांत तिथले उलटून होणारे मृत्यू जवळजवळ संपले. चालकाच्या मागे किंवा भोवती उभी केलेली ही पोलादी चौकट ‘रॉप्स’ या नावाने ओळखली जाते. ती ट्रॅक्टरला उलटण्यापासून थांबवत नाही. उलटल्यावर चालकापुरती जागा शाबूत ठेवते. पट्टा माणसाला त्या जागेत धरून ठेवतो. चौकट आणि पट्टा दोन्ही वापरले तर ९९ टक्के मृत्यू टळतात, असे अमेरिकेतील ‘नायॉश’ ही व्यावसायिक सुरक्षा संस्था सांगते. दोन्ही एकत्र हवेत, हे मात्र विसरता कामा नये. चौकट असून पट्टा नसेल, तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली येऊ शकतो. चौकट नसताना पट्टा लावला, तर तो माणसाला मरणाला बांधून ठेवतो. आणि गावातल्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतलेले उन्हाचे छत म्हणजे रॉप्स नव्हे. ते ट्रॅक्टरच्या वजनाखाली छत्रीसारखे मिटते.

आक्षेप आहेत, आणि ते ऐकायला हवेत. काजू-आंब्याच्या बागेत फांद्या खाली असतात, उंच चौकट अडकते. यावर दुमडणारी चौकट मिळते. बागेत ती खाली करावी, त्या वेळी पट्टा लावू नये आणि बाहेर पडताच पुन्हा उभी करावी. दुसरा आक्षेप खर्चाचा. लाखोंच्या यंत्रापुढे चौकटीचा खर्च थोडा आहे, पण हप्त्यावर ट्रॅक्टर घेणाऱ्याला तोही जड जातो, हे खरे. तिसरा आक्षेप अनुभवाचा: ‘वीस वर्सां चलवतंय, काय एक होवचा नाय.’ वीस वर्षांचा अनुभव हाताला असतो; पावसाने आतून पोखरलेल्या मेरेला नसतो.

खर्चाच्या आक्षेपाला उत्तर शेतकऱ्याने नव्हे, सरकारने द्यायचे आहे. भारतात बनलेले ट्रॅक्टर अमेरिकेत विकले जातात, ते चौकट आणि पट्ट्यासह. तंत्र आपल्याकडे आहे, कारखाने आपले आहेत. इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र अनेकदा तोच ट्रॅक्टर चौकटीविना येतो. कृषी यांत्रिकीकरणासाठी महाडीबीटीवर अर्ज मागवून सरकार ट्रॅक्टरला अनुदान देते. चाचणी झालेली चौकट आणि पट्टा असेल तरच अनुदान, एवढी एक अट घातली आणि चौकटीचा खर्च अनुदानात धरला, तर काही वर्षांत चित्र बदलेल. जुन्या ट्रॅक्टरना चौकट बसवण्यासाठी वेगळी मदत हवी. आज शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. ती मदत हवीच. पण मरणानंतर देण्याची तयारी असलेल्या सरकारने मरणाआधी थोडे खर्च करावे, ही मागणी अवास्तव नाही.

ही मागणी जोर धरत नाही, कारण हे मृत्यू एकेकटे होतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यात आलेगाव शिवारात मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळून सात जणी गेल्या, तेव्हा राज्य हळहळले. तो अपघात वेगळ्या प्रकारचा होता. मेरेवरून एकट्याच्या अंगावर ट्रॅक्टर आला, तर ती गावापुरती बातमी होते. शेत हा सार्वजनिक रस्ता नसल्याने रस्ते अपघातांच्या आकडेवारीत तो धरला जात नाही. निदान कृषी आणि आरोग्य विभागांनी मिळून जिल्ह्यापुरती तरी अशा अपघातांची स्वतंत्र नोंद ठेवावी.

किनाऱ्यावरही हाच प्रश्न दार ठोठावतो आहे. अलिबागजवळच्या नागावसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी एटीव्ही वाळूत धावतात. त्यांवर घोड्यासारखे बसायचे असते. डोक्यावर चौकट नाही, पट्टा नाही. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून अशा नव्या गाड्या चालकाच्या संरक्षणाची चौकट असल्याशिवाय विकण्यास बंदी केली. काही बड्या कंपन्यांनी त्यावर तो बाजार सोडला, पण नियम राहिला. पर्यटन वाढत असलेल्या सिंधुदुर्गाने परवाना देतानाच हेल्मेट, चालकाचे किमान वय आणि एका गाडीवर किती माणसे, हे ठरवून घ्यावे.

या हंगामात करता येण्यासारखेही काही आहे. मेर तिरकी न ओलांडता उतार करून सरळ ओलांडावी. मडगार्डवर कुणालाही बसवू नये. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधू नये. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. ओझे नेहमी खालच्या हुकालाच जोडावे. शेतात एकट्याने काम करताना घरी वेळ सांगून जावे आणि फोन ट्रॅक्टरवर नव्हे, अंगावर ठेवावा.

धामापूरचा तलाव १५३० चा, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेला. जवळपास पाचशे वर्षे तो टिकून आहे. मातीचा बांध घालणारा माणूस पाऊस बेताने पडेल, यावर विसंबत नाही. जास्तीचे पाणी येणारच, हे धरून तो सांडवा ठेवतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. कधीतरी एखादा उलटणारच. त्या वेळी खालचा माणूस जिवंत राहील याची सोय आधी करायची असते, आणि ती सोय एका पोलादी चौकटीची आणि एका पट्ट्याची आहे.